आलेख ऑप्शनला टाकू का?

वाचक लिहितात:

सर, मी गुहागर तालुक्यातली. नववीनंतर शाळा सुटली. आता वय छत्तीस, यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसते आहे. आमची घरगुती खाणावळ आहे, त्यामुळे अभ्यास होतो तो रात्री भांडी आवरल्यावर. बीजगणित मला जमतं. एकसामयिक समीकरणं, म्हणजे क्ष आणि य ची जोडीनं दिलेली दोन समीकरणं, लोप करून (एक अक्षर उडवून) सोडवते, ताळाही करून बघते. पण तेच गणित ‘आलेखाने सोडवा’ म्हणून आलं की घोळ होतो. क्ष + २य = ७ आणि क्ष − य = १ ही जोडी घ्या. लोप करून उत्तर आलं (३, २). आलेखात रेषा छेदल्या (२, ३) मध्ये. दोनदा काढला, दोन्ही वेळा तसंच. दुसऱ्या एका गणितात २क्ष − य = ४ होतं, त्याची रेषा सरळ येतच नाही, मध्ये कोपरा येतो. आणि य = −३ असं नुसतंच समीकरण दिलेलं असतं, त्यात क्ष कुठे गेला तेच कळत नाही. मुलगा नववीत आहे. तो म्हणतो, “आई, आलेख ऑप्शनला टाक.” मलाही वाटतं, उत्तर आधीच हातात असताना रेघा मारायच्या कशाला? टाकू का ऑप्शनला?

ताई,

नका टाकू. पत्रासोबत तुम्ही वहीचे फोटो पाठवलेत ते बरं केलंत. तुमचं गणित चुकलेलं नाही, आणि आलेखही तुम्ही समजता तितका चुकलेला नाही. (पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात. तुम्ही पत्रात क्ष आणि य लिहिलंय, माझीही सवय तीच, तेव्हा तसंच चालू ठेवतो.)

आधी तो (२, ३) चा घोळ मिटवू. उत्तर (३, २) यायला हवं आणि (२, ३) येतंय. तेच दोन आकडे, फक्त जागा बदललेल्या. एखादा बिंदू हलला असता तर छेदनबिंदू कुठेतरी भलतीकडे गेला असता, दशांशात आला असता. इतका नेमका उलटा आला याचा अर्थ तुम्ही सगळेच बिंदू उलटे घेतलेत, एकही न चुकता! फोटोत तेच दिसतं. क्ष + २य = ७ साठी तुमचा तक्ता अगदी बरोबर आहे: (१, ३), (३, २), (५, १). पण कागदावर खुणा केल्यात त्या (३, १), (२, ३), (१, ५) या ठिकाणी. दुसऱ्या समीकरणाचंही तेच. (१, ०) हा बिंदू आडव्या अक्षावर हवा, तुमच्याकडे तो उभ्या अक्षावर बसलाय.

क्रमित जोडीतला पहिला आकडा आडव्या चालीचा, दुसरा उभ्या चालीचा. आरंभबिंदूपासून, म्हणजे दोन अक्ष मिळतात तिथून, आधी उजवीकडे किंवा डावीकडे जायचं, मग वर किंवा खाली. तुम्ही आधी वर चढलात. कागद घेऊन एक गंमत करून बघा. (१, १), (२, २), (३, ३) यांतून जाणाऱ्या तिरक्या रेषेवर तुमचा आलेख दुमडा आणि उजेडासमोर धरा. तुमच्या चुकीच्या रेषा बरोबर रेषांच्या जागी जाऊन पडतील. चूक इतकी शिस्तीत झाली असल्यामुळेच दुसऱ्यांदा काढूनही ती सापडली नाही.

तुम्ही लोप पद्धतीच्या उत्तराचा ताळा करता, मग आलेखाच्या उत्तराचा का नाही केलात? (२, ३) ही किंमत क्ष + २य मध्ये घाला. २ + ६ म्हणजे ८. हवे होते ७. तिथल्या तिथे कळलं असतं. वर्गात वर्षानुवर्षं पाहिलंय, मुलं समीकरण सोडवून ताळा करतात आणि आलेखाला मात्र चित्रकलेच्या तासासारखं वागवतात. पट्टीनं रेघ नीट मारली की झालं! तुमच्या ‘रेघा मारायच्या कशाला’ या प्रश्नाचं मूळ इथेच आहे, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

एक दिवस तुमच्या खाणावळीचाच घेऊ. समजा शाकाहारी थाळी १५० रुपये आणि सुरमई थाळी २५० रुपये. रात्री गल्ल्यात २५०० रुपये जमले. कोणती थाळी किती गेली ते लिहायचं राहून गेलं. शाकाहारी थाळ्या क्ष आणि माशाच्या य मानल्या, तर १५०क्ष + २५०य = २५००. दोन्ही बाजूंना ५० ने भागलं की ३क्ष + ५य = ५०. आता सांगा, किती थाळ्या गेल्या?

एवढ्यावर सांगता येत नाही. शून्य शाकाहारी आणि १० माशाच्या असू शकतील. ५ आणि ७ असतील. १० आणि ४ असतील, किंवा १५ आणि १. चारही वेळा गल्ला २५०० चाच. एका समीकरणात दोन चलं असली की उत्तर एक नसतं, पुष्कळ असतात. ही चारही उत्तरं आलेख कागदावर मांडा. ती इकडेतिकडे पडत नाहीत, एका सरळ रेषेत येतात. का येतात ते हिशेबातच आहे: पाच शाकाहारी थाळ्या वाढल्या की ७५० रुपये वाढतात, ते भरून काढायला माशाच्या तीन कमी व्हाव्या लागतात, त्यांचेही ७५० च. म्हणून दर वेळी पाच घरं उजवीकडे, तीन घरं खाली. प्रत्येक पायरी सारखीच असल्यामुळे वाट वाकायला वावच नाही. ‘रेषीय’ समीकरणाची रेषा सरळ का, याला एवढंच कारण पुरेसं आहे.

तर ती रेघ म्हणजे समीकरणाची सगळी उत्तरं एका जागी मांडलेली. रेषेवर जो बिंदू आहे तो समीकरणात घातला तर बसतो, रेषेबाहेरचा कुठलाही बसत नाही. (४, ९) घ्या. १२ + ४५ म्हणजे ५७, हवे होते ५०. तो बिंदू रेषेच्या वरच्या बाजूला पडतो, आणि त्या बाजूच्या प्रत्येक बिंदूचा गल्ला २५०० पेक्षा जास्तच भरतो. रेषेच्या खाली गेलात की कमी.

आता तुम्हाला आठवलं की त्या रात्री एकूण १२ पानं बसली होती. म्हणजे क्ष + य = १२. याचीही स्वतःची रेषा आहे: (०, १२), (६, ६), (१२, ०). त्याच कागदावर काढा. पहिल्या रेषेवर गल्ला बरोबर, दुसरीवर पानं बरोबर. दोन्ही एकदम बरोबर असा बिंदू एकच, जिथे त्या छेदतात तो, (५, ७). पाच शाकाहारी, सात सुरमई.

हे तुम्ही तोंडीही काढलं असतं, आणि मला खात्री आहे की काढताच. सगळी बारा शाकाहारी असती तर १८०० झाले असते, ७०० जास्त आलेत, एका माशाच्या थाळीमागे १०० जास्त, म्हणजे सात. बीजगणिताच्या पुस्तकात यालाच लोप म्हणतात. आणि आलेखात दुसऱ्या रेषेवर (१२, ०) पासून वरच्या बाजूला चालू लागलात तर दर पावलाला एक शाकाहारी कमी, एक माशाची जास्त, गल्ला शंभरानं वर. सात पावलं टाकली की पहिली रेषा भेटते. तोंडी, लोप आणि आलेख, तिन्हीकडे काम तेच चाललेलं असतं.

गल्ल्याची रेषा पुढे वाढवली तर (२०, −२) मधूनही जाते. ६० − १० = ५०, हिशेब चोख! पण उणे दोन सुरमई थाळ्या कोणी खाल्ल्या? मध्येच (२.५, ८.५) हाही बिंदू आहे, तिथे अडीच गिऱ्हाइकांनी वरणभात खाल्लाय. समीकरणाला खाणावळ ठाऊक नसते, ती तुम्हाला ठाऊक असते. परीक्षेत नुसतं समीकरण असेल तर रेषा दोन्हीकडे पुढे न्यायची, टोकांना बाण करायचे. शाब्दिक उदाहरण असेल तर उत्तर लिहिण्याआधी ते माणसात बसतंय का ते बघायचं.

समीकरण आणि रेषा यांची ही गाठ फार जुनी नाही. फ्रान्समधल्या रेने देकार्त या गणितज्ञानं ती १६३७ मध्ये छापून मांडली. त्याच सुमारास फर्मा या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञानंही स्वतंत्रपणे तीच वाट धरली होती. तोवर बीजगणितवाले आकडे सोडवत आणि भूमितीवाले आकृत्या काढत. आज आपण काढतो तसे काटकोनातले दोन अक्ष आणि त्यांनी पाडलेले कागदाचे चार भाग, म्हणजे चरण, देकार्तच्या पुस्तकात नाहीत, ते पुढच्यांनी बसवले. तुमच्या मुलाला हे सांगा. चरणांची नावं पाठ करण्यावरून तो कुरकुरत असणार.

आता कोपऱ्याचं गणित. २क्ष − य = ४ साठी तुमचे बिंदू आहेत (०, ४), (२, ०), (३, २). यातला पहिला चुकलाय. क्ष शून्य ठेवला की − य = ४ उरतं, म्हणजे य = −४. तुम्ही वजा चिन्ह वाटेत सोडलंत. बिंदू (०, −४) असा खाली घ्या, तिघे मुकाट्यानं एका रेषेत येतील.

पण मला त्या कोपऱ्याबद्दल तुमचं अभिनंदन करायचंय. दोन बिंदूंतून एक सरळ रेषा जाते, मग तिसरा कशाला, असं पुष्कळ मुलं विचारतात. तुम्ही (०, ४) आणि (२, ०) एवढेच दोन घेतले असते तर रेषा सुरेख सरळ आली असती, आणि ती निघाली असती २क्ष + य = ४ ची! संशयसुद्धा आला नसता. तिसऱ्या बिंदूनं बोंब मारली म्हणून कळलं. म्हणून तक्त्यात कमीत कमी तीन जोड्या घ्यायच्या, जमल्यास चार. कोपरा आला की पट्टी ढकलून तो दडपायचा नाही, तक्त्याकडे परत जायचं. आणि य समोर वजा असेल तिथे आधी य एकटा करून घ्या: य = २क्ष − ४. मग किमती घाला. चिन्हाची निम्मी भानगड तिथेच संपते.

तक्त्यासाठी क्ष च्या किमती कोणत्या घ्यायच्या हेही पुस्तक नीट सांगत नाही असं माझं मत आहे. बहुतेक जण डोळे मिटून ०, १, २ घेतात. ३क्ष + ५य = ५० मध्ये १ घेतलात तर य येतो ४७ भागिले ५, मग ९.४ शोधत बसा कागदावर. इथे ५य म्हणजे ५० − ३क्ष, त्याला पाचानं भाग जायचा तर क्ष ला पाचानं भाग जायला हवा. म्हणून ०, ५, १०. तुमच्या पहिल्या जोडीत क्ष + २य = ७ साठी तुम्ही १, ३, ५ घेतलेत, ते नेमकं हेच कुणी न सांगता केलंत. शिवाय बिंदू एकमेकांपासून लांब असावेत. जवळजवळच्या बिंदूंवर पट्टी केसभर सरकली तरी पलीकडच्या टोकाला रेषा एक घर चुकते.

कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहायला विसरू नका, दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक. प्रत्येक रेषेला लागून तिचं समीकरण लिहा. पेन्सिल टोकदार ठेवा. बाकी मांडणीचं तुमचं अक्षरच इतकं छान आहे की मी काही सांगत नाही.

राहिला य = −३. त्यासाठी खाणावळीतून उठून रेल्वेत बसू, कारण आलेखाचा कोकणातला सगळ्यात पक्का उपयोग तिथे आहे. चिपळूण ते रत्नागिरी मार्ग एकेरी, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना रुळांची एकच जोडी. समोरासमोरच्या दोन गाड्या स्टेशनातच एकमेकींना ओलांडू शकतात. “क्रॉसिंगला थांबलीय” हे वाक्य तुम्हीही गाडीत ऐकलं असेल. हे ठरवणारे कंट्रोलर एका आलेखावर काम करतात. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर अंतराप्रमाणे स्टेशनं, आणि धावणारी प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ.

हिशेबासाठी अंतर ७५ किलोमीटर धरू. दहा वाजता चिपळूणहून एक गाडी निघाली, ताशी ६० किलोमीटर. त्याच वेळी रत्नागिरीहून दुसरी, ताशी ४०. क्ष म्हणजे दहापासून गेलेले तास, य म्हणजे चिपळूणपासूनचं अंतर. पहिलीचं समीकरण य = ६०क्ष, दुसरीचं य = ७५ − ४०क्ष. पहिली रेषा चढते, दुसरी उतरते, आणि छेदतात क्ष = ०.७५, य = ४५ वर. पावणेअकरा वाजता, चिपळूणपासून ४५ किलोमीटरवर.

आता समजा ४५ वर स्टेशन नाही, ते ४२ वर आहे. मग पहिली गाडी १० वाजून ४२ मिनिटांनी तिथे पोचून थांबणार. दुसरीला तिथे यायला साडेएकोणपन्नास मिनिटं लागतात, म्हणजे पहिली साडेसात मिनिटं उभी. त्या साडेसात मिनिटांत आलेखावर काय होतं? वेळ पुढे सरकतो, अंतर ४२ वरच. रेघ आडवी होते. तिचं समीकरण य = ४२.

त्यात क्ष कुठे गेला? कुठेही गेला नाही. त्याचा सहगुणक, म्हणजे त्याच्यासमोरचा आकडा, शून्य आहे: ०क्ष + य = ४२. क्ष ला काहीही किंमत द्या, य हलत नाही. तुमच्या य = −३ चं तसंच. तक्त्यात (०, −३), (२, −३), (५, −३) लिहा, क्ष-अक्षाला समांतर अशी आडवी रेषा मिळेल, अक्षाच्या तीन घरं खाली. क्ष = २ ची रेषा मात्र उभी, य-अक्षाला समांतर. गाडीच्या आलेखावर अशी उभी रेघ कधीच दिसायची नाही. तसं झालं तर एकच गाडी एकाच क्षणी चिपळूणलाही असेल आणि रत्नागिरीलाही!

उत्तर आधीच हातात असताना आलेख कशाला, या तक्रारीत तथ्य आहे हे मी नाकारत नाही. छेदनबिंदू सतरा सप्तमांशासारखा कुठे आला तर आलेखावरून तो वाचता येणार नाही, तिथे लोप किंवा क्रेमरची निश्चयकाची (सहगुणकांवरून थेट उत्तर काढायची) रीतच बरी. पण क्ष + य = १२ आणि क्ष + य = १५ ही जोडी लोप करायला घ्या. दोन्ही चलं उडतात आणि हातात ० = ३ राहतं. वहीत हे आलं की आपलंच काहीतरी चुकलं म्हणून माणूस खोडत बसतो. आलेखात दोन समांतर रेषा दिसतात, कधीच भेटणार नाहीत, म्हणजे उत्तरच नाही. एका रात्री एकूण पानं बाराही आणि पंधराही कशी असतील? आणि क्ष + य = १२ सोबत २क्ष + २य = २४ दिलं, तर दुसरी रेषा पहिलीवरच बसते. तिथे उत्तरं अगणित.

तेव्हा प्रश्न सोडवायचाच. परीक्षेत क्रम मात्र असा ठेवा. आधी कच्च्या कामात लोप करून उत्तर काढा, एक मिनिट लागेल. मग आलेख काढा. दोन्ही जुळले तर पुढच्या प्रश्नाकडे जा. आकडे उलटे आले तर आडवं-उभं तपासा, कोपरा आला तर चिन्हं तपासा. छेदनबिंदू कागदावरच सापडत नसेल तर रेषा शेवटच्या बिंदूपाशी थांबवलीत का ते बघा, ती पुढे वाढवा.

आणि मुलाला आज रात्री विचारा, य = −३ आणि क्ष = २ या दोन रेषा कुठे छेदतात. कागद-पेन्सिल हातात न देता.